‘पूर्वीसारखं राहिलं नाही’: तक्रारीचा संशोधनप्रश्न कसा होतो?

पर्यटन किंवा व्यवस्थापन विषयात पीएचडीला बसणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य वेगवेगळ्या रूपात हमखास भेटतं: ‘अमुक सेवेचा दर्जा घसरत चालला आहे.’ आज उदाहरण घेऊया स्वस्तातल्या क्रूझचं. पूर्वी खोली दिवसातून दोनदा आवरायचे, आता एकदाच. जेवणात तोचतोचपणा, डेकवर बसायला जागा नाही, प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे. दहा-बारा वेळा क्रूझ केलेली माणसं हे सगळं पोटतिडकीने सांगतात. आणि त्यातलं काही खरंही आहे. महामारीनंतर काही मोठ्या कंपन्यांनी खोली दोनदा आवरणं खरोखरच बंद केलं.

पण हे घेऊन तुम्ही आरआरसीसमोर उभे राहिलात, तर पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न येणार: दर्जा म्हणजे काय? घसरला म्हणजे कशाच्या तुलनेत? आणि कुणाच्या मते?

पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण पाठ केल्यासारखं उत्तर देतात: ‘सर्व्हक्वाल वापरणार.’ परशुरामन, झाइथॅमल आणि बेरी यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही २२ विधानांची प्रश्नावली. पाच बाजू: दिसणाऱ्या गोष्टी, भरवसा, तत्परता, खात्री आणि आपुलकी. प्रत्येक विधानाला ग्राहकाची अपेक्षा विचारायची, मग प्रत्यक्ष अनुभव विचारायचा, आणि अनुभवातून अपेक्षा वजा करायची. उरतो तो दर्जा.

आता थोडं थांबून ही वजाबाकी बघा. समजा, एका प्रवाशाने पहिल्या सफरीत अपेक्षेला ७ पैकी ५ दिले आणि अनुभवालाही ५. फरक शून्य, माणूस खूश. चौथ्या सफरीत अनुभव तोच, ५. पण मधल्या काळात तो एका महागड्या जहाजावर जाऊन आलाय, त्यामुळे अपेक्षा ६. फरक उणे १. जहाजावर काहीही बदललेलं नाही, तरी तुमच्या तक्त्यात दर्जा घसरला! क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये हाच मुद्दा धरून म्हटलं की अपेक्षा बाजूला ठेवा, फक्त अनुभव मोजा. वाद अजून मिटलेला नाही आणि तो तुम्ही मिटवावा अशी कुणाची अपेक्षाही नाही. पण आपण कुठली बाजू घेतली आणि का घेतली, हे तुम्हाला सांगता आलंच पाहिजे. माझं मत विचाराल तर ‘घसरण’ हा शब्द शीर्षकात असेल, तर अपेक्षा आणि अनुभव वेगवेगळे नोंदवा, वजाबाकी मागाहून करा. एकदा वजा करून टाकलं की कोण हललं ते कळत नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. खानावळीतली थाळी आठवा. दर तोच, पण पूर्वी ताक आणि पापड थाळीत यायचे, आता ते वेगळे घ्यावे लागतात. भाजीची चव तीच आहे. मग दर्जा घसरला का? क्रूझचा धंदा बराचसा असाच चालतो. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि पेयं, इंटरनेट, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली यांतून कमवायचं. कार्निव्हल कंपनीच्या २०२३ च्या ताळेबंदात एकूण महसूल सुमारे २१.६ अब्ज डॉलर आहे, त्यातले सुमारे ७.५ अब्ज तिकिटाबाहेरचे, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. (या आकड्याचं खातं ‘जहाजावरील व इतर’ असं आहे. त्या ‘इतर’कडे दुर्लक्ष करून सगळं दारूविक्रीच्या नावावर घालू नका.) तेव्हा तुम्ही मोजताय काय? तिकिटात मिळणारी सेवा, की सगळे पैसे मोजून मिळणारी सेवा? दोन्ही वेगवेगळ्या दिशेने जाऊ शकतात, आणि महागाई वजा न करता जुन्या-नव्या तिकिटाची तुलना केली तर तीही फसवी.

तिसरी अडचण मला सगळ्यांत मजेची वाटते. तुलना नक्की कोणाची? जहाजाची की कंपनीची?

क्रूझ जहाजं हात बदलत राहतात. कार्निव्हलचं स्वतःचं पहिलं जहाज ‘मार्डी ग्रा’ हे १९६१ मध्ये सेवेत आलेलं ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ होतं. १९७२ मध्ये पहिल्याच सफरीत ते मायामीजवळ वाळूत रुतलं. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं तर २०२१ पासून मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ घ्या. ते १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनचं ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून आलं, २००८ मध्ये पुलमंतूर या स्पॅनिश कंपनीकडे गेलं, २०१६ मध्ये परत रॉयल कॅरिबियनकडे आणि मग भारतात. आता सांगा, ‘१९९५ ते २०२५ दर्जातील बदल’ कसा मोजणार? जहाज धरलंत तर मालक, प्रवासी, बाजार सगळंच बदललंय. कंपनी धरलीत तर तिची जहाजं बदललीत. विश्लेषणाचं एकक ठरवणं म्हणजे हेच, आणि ते प्रश्नावली छापण्याआधी ठरवायचं असतं.

आकडे घेतले तरी सुटका नाही. गर्दी मोजायला या उद्योगात एक साधं गुणोत्तर वापरतात: जहाजाचं सकल टनेज भागिले प्रवासी. (टनेज म्हणजे इथे वजन नव्हे, आतली जागा.) २०२४ मध्ये आलेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे काही बजेट जहाज नाही, पण हिशेबाला सोपं आहे. टनेज २,४८,६६३. खोलीमागे दोन या हिशेबाने ५,६१० प्रवासी, म्हणजे गुणोत्तर ४४. पण जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात, त्या हिशेबाने ते ३३ वर येतं. मुलांच्या सुट्टीत जाणारा प्रवासी दुसऱ्या आकड्याच्या जवळ राहतो, तर माहितीपत्रक पहिल्यावरून बनतं.

‘मग ऑनलाइन अभिप्राय गोळा करते, हजारो मिळतील,’ असं कुणीतरी म्हणणारच. मिळतील. पण लिहितं कोण? हू, झांग आणि पावलू यांनी २००९ मध्ये दाखवलं की ऑनलाइन अभिप्रायांचा आलेख इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा दिसतो: खूप खूश असलेले आणि चिडलेले लिहितात, ‘ठीक होतं’ म्हणणारे घरी जाऊन कपडे धुतात. शिवाय जे खरोखर कंटाळले ते पुन्हा क्रूझला जातच नाहीत. दहाव्यांदा जाणाऱ्यांचा नमुना म्हणजे गाळून उरलेली माणसं.

तटस्थ मोजमाप अगदीच नाही असं नाही. अमेरिकेच्या सीडीसीचा जहाज-स्वच्छता कार्यक्रम १९७०च्या दशकापासून आहे. निरीक्षक न सांगता येतात, शंभरपैकी गुण देतात, ८५ किंवा खाली म्हणजे नापास, आणि गुण जाहीर होतात. सोन्यासारखा डेटा. फक्त तो अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांपुरता आहे, आणि त्यात स्वयंपाकघर, पाणी, जंतुसंसर्ग मोजतात. वेटरने नाव लक्षात ठेवलं का, हे नाही.

आणि एक स्रोत जो आपल्याकडचे विद्यार्थी हाताशी असून वापरत नाहीत: जहाजावर काम करणारी माणसं. गोव्यात अशी घरं गावोगाव आहेत. त्यांना ‘दर्जा घसरला का?’ असं विचारू नका, त्यावर हसतील. विचारा: पहिल्या करारात तुमच्याकडे किती खोल्या होत्या, शेवटच्या करारात किती? मदतनीस होता का? दिवसातून किती वेळा आवरायचात? सागरी कामगार करार २००६ नुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते. तुमचे ते दहा तास कसे तुटायचे? या उत्तरांची तुलना करता येते, आणि प्रवाशाला जी ‘आपुलकी कमी झाली’ वाटते तिचं मूळ कदाचित इथे खोल्यांच्या संख्येत सापडेल. कदाचित नाहीही, म्हणून तर विचारायचं.

फक्त एवढं जपा. हे लोक काही महिन्यांच्या करारावर जातात, पुढचं बोलावणं येईल की नाही हे कंपनीच्या हाती असतं. एखादा कारभारी स्टुअर्ड मोकळेपणाने बोलला आणि तुम्ही प्रबंधात जहाजाचं नाव, वर्ष आणि त्याचं पद तिन्ही छापलंत, तर त्याचं नाव बदलून काही उपयोग नाही; ओळखणारे ओळखतात. संमतीपत्र मराठीत किंवा कोकणीत लिहा, जहाजाऐवजी ‘मध्यम आकाराचं, वीस वर्षांहून जुनं’ असं लिहा, आणि ध्वनिमुद्रण नको म्हणाले तर वही काढा.