मालक बदलला, हुकूम आला, शरीराचे काय?

आरोग्याच्या पानावर कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. कारण सरळ आहे. आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली शिकून आयटी कंपन्यांत, कॉल सेंटरमध्ये, बँकांच्या बॅक ऑफिसमध्ये लागली आहेत. कोरोनाच्या काळात त्यांतल्या अनेकांना घरून काम मिळाले. मग एखाद्या दिवशी कळते की कंपनी विकली गेली. नवा मालक येतो आणि थोड्याच दिवसांत मेल येतो : सोमवारपासून सर्वांनी ऑफिसात हजर व्हावे.

त्यानंतर आमच्याकडे ज्या तक्रारी येतात त्या नोकरीच्या नसतात. झोप लागत नाही. पित्त वाढले. पाठ धरली. उन्हाळी लागली. अंगावरच्या बाळाचे दूध कमी झाले. घरात रोजची चिडचिड सुरू झाली. वडीलधारी माणसे म्हणतात, "आम्ही जन्मभर कामावर गेलो, यांना एसीत बसायला जायचे तर एवढे काय होते?" हा प्रश्न त्यांनी प्रेमापोटीच विचारलेला असतो. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

ट्विटरमध्ये काय घडले

जगभर गाजलेले उदाहरण घेऊ. ट्विटर, म्हणजे आजचे एक्स. मे २०२० मध्ये या अमेरिकन कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना सांगितले होते की ज्यांचे काम घरून होते त्यांनी हवे तर कायमचे घरूनच काम करावे. लोकांनी त्या शब्दावर संसाराची घडी बसवली. कोणी स्वस्त गावात राहायला गेले, कोणी आजारी आईवडिलांजवळ गेले, कोणी मुलांच्या शाळेच्या वेळा धरून दिवस आखला.

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ही कंपनी ४,४०० कोटी डॉलरला विकत घेतली. आठवड्याभरात, ४ नोव्हेंबरला, सुमारे साडेसात हजार कर्मचाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना काढून टाकले. ९ नोव्हेंबरच्या रात्री उरलेल्यांना मेल आला : घरून काम बंद, ऑफिसात आठवड्याला किमान ४० तास हजेरी, आणि तीही दुसऱ्याच दिवसापासून. पुढच्या आठवड्यात आणखी एक मेल आला. जास्त तास, जास्त जोराने काम करायची तयारी असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होकार द्या, नाहीतर तीन महिन्यांचा पगार घेऊन बाहेर पडा. शेकडो लोकांनी होकार दिला नाही. अपंग कर्मचाऱ्यांवर या हुकमाने अन्याय झाला, असा दावाही अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल झाला.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. फेब्रुवारी २०२३ मध्ये याच कंपनीने भारतातली दिल्ली आणि मुंबईची ऑफिसे बंद केली आणि तिथे उरलेल्या मोजक्या लोकांना घरून काम करायला सांगितले. तीन महिन्यांपूर्वी घरून काम चालणार नव्हते, आता भाडे वाचवायचे म्हणून चालू लागले. म्हणजे ऑफिसात बसल्याशिवाय काम होतच नाही, हे कारण काही टिकले नाही. बसायचे कुठे हे मालकाच्या हिशेबावर ठरले.

हे एकट्या ट्विटरचे नाही. व्हीएमवेअर नावाची मोठी सॉफ्टवेअर कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली. तो सौदा नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण झाला. व्हीएमवेअरमध्ये घरून काम करण्याची मोकळीक होती. नव्या मालकांनी स्पष्ट सांगितले की ऑफिसपासून ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने ऑफिसातच यायचे. बेंगळुरू आणि पुण्यात या कंपनीची माणसे होती. म्हणून ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही.

राग कशाचा आहे

या कर्मचाऱ्यांना कामचुकार म्हणणे सोपे आहे. पण नीट ऐकले तर त्यांची तक्रार ऑफिसच्या खुर्चीबद्दल कमी आणि हुकमाबद्दल जास्त असते.

वस्तीत राहणाऱ्याला घरून काम म्हणजे काही चैन नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत एकीकडे कुकरची शिट्टी, दुसरीकडे टीव्ही, पलंगावर मांडी घालून लॅपटॉप, मध्येच लाइट गेली तर मोबाइलचे नेट. अनेक मुली आम्हाला सांगतात की ऑफिस बरे, तिथे स्वच्छ संडास आहे, टेबल आहे, डोके शांत राहते. दुसऱ्या बाजूला ज्या घरात लहान बाळ आहे, डायलिसिसवर असलेले वडील आहेत, किंवा ऑफिसला जायला दोन बस आणि एक शेअर रिक्षा लागते, त्या घराला घरून काम म्हणजे आधार होता. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून घर चांगले की ऑफिस, हा वाद आम्हाला घालायचा नाही.

आमचे म्हणणे एवढेच : ज्याच्या शरीरावर आणि घरावर निर्णयाचा भार पडतो, त्याला विचारले गेले पाहिजे. माणसाला कष्टाने थकवा येतो, तो झोपेने जातो. पण आपल्या जगण्याची घडी दुसरा कोणी एका मेलने विस्कटतो आणि आपण काहीच बोलू शकत नाही, ही भावना झोपेने जात नाही. ती अंगात मुरते. सोबत नोकरी जाण्याची भीती असतेच, कारण मालक बदलला की माणसे कमी करतात हे सगळ्यांना दिसते. त्यात आपल्या मुलांच्या पाठीशी शिल्लक पैसा नसतो. अनेकदा घरात तोच एक पक्का पगार असतो.

शरीर काय सांगते ते ऐका

लघवी आणि पाणी. प्रवास लांबला की बायका पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात. त्यातून उन्हाळी लागते. जळजळ, वारंवार लघवी होणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे. ताप, थंडी आणि कमरेच्या वरच्या बाजूला दुखू लागले तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊ नका. ऑफिसात पोहोचल्यावर आणि निघण्यापूर्वी संडासला जाण्याची सवय ठेवा, बाटली दिवसभर जवळ ठेवा.

अंगावर पाजणाऱ्या आया. अचानक आठ-दहा तास बाळ दूर राहिले की छाती दगडासारखी होते. दर तीन तासांनी स्वच्छ हातांनी दूध काढा. काढलेले दूध उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात ठेवा. साध्या खोलीत ते चार तासांच्या आत पाजावे, उन्हाळ्यात त्याहून लवकर. फ्रीजमध्ये असेल तर २४ तासांत संपवावे. गॅसवर तापवू नका, भांडे कोमट पाण्यात ठेवून गार मोडा आणि वाटी-चमच्याने पाजा. छातीत लाल, गरम गाठ आणि ताप आला तर दवाखाना गाठा, पण पाजणे थांबवू नका. घरातल्या सासूबाईंना, आईला ही पद्धत आधीच शिकवून ठेवा, कारण दिवसा बाळ त्यांच्याजवळच असणार.

पाठ, मान, डोळे. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चाला. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर पायाखाली एखादी पेटी घ्या. पाठीचे दुखणे पायात उतरले, मुंग्या आल्या किंवा पायातली ताकद कमी वाटली तर मालिशवाल्याकडे न जाता डॉक्टरांकडे जा.

पित्त आणि रक्तदाब. पहाटे चहा-बिस्किटावर निघायचे आणि दुपारी दोनला वडापाव, याने पित्त वाढणारच. रात्रीच डब्याची तयारी करा. घरातल्या बाप्यांनी डबा भरायला हात लावावा. ती बाईचीच जबाबदारी, असे आपल्या धम्मात कुठे सांगितलेले नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने महापालिकेच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी.

मन. दोन आठवडे सलग उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे, सारखे रडू येणे, दारू वाढणे, ही आजाराची लक्षणे आहेत, नाटके नव्हेत. सरकारचा टेलिमानस हा १४४१६ क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. जीव नकोसा वाटतो असे कोणी म्हणाले तर त्याला एकटे सोडू नका, लगेच फोन लावा आणि सरकारी रुग्णालयात न्या.

कागद काय सांगतो

मालक बदलला म्हणून तुमची मागची नोकरी पुसली जात नाही. अनेकदा फक्त शेअर विकले जातात. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने कंपनी तीच राहते आणि तुमचे नेमणूकपत्रही तेच राहते. संपूर्ण उद्योगच दुसऱ्याकडे सोपवला गेला तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराला संरक्षण दिले होते : एक तर नोकरी सलग धरून पूर्वीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर पुढे चालवा, नाहीतर नोटीस आणि भरपाई द्या. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. मात्र मॅनेजर म्हणून नेमलेल्यांना ती लागू होत नाही.

घरून काम हा हक्क म्हणून मागणे अवघड असते, कारण नेमणूकपत्रात बहुधा ऑफिसचाच पत्ता असतो. पण बाळंतिणीसाठी कायदा अधिक स्पष्ट आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे. रजेनंतर कामाचे स्वरूप तसे असेल तर मालकाशी ठरवून घरून काम करण्याचीही तरतूद आहे. अपंगांच्या २०१६ च्या कायद्यानुसार खाजगी आस्थापनेलाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. ते धोरण मागून घ्या.

म्हणून मेल आला की भांडण नको आणि लगेच राजीनामा तर अजिबात नको. आधी तीन गोष्टी करा. नेमणूकपत्र, घरून काम मंजूर केल्याचे मेल आणि पगारपत्रके यांच्या प्रती आपल्याजवळ काढून ठेवा. आपली अडचण नेमक्या शब्दांत लेखी कळवा : प्रवासाचे तास किती, बाळाचे वय किती, डॉक्टरांचा कागद कोणता, आणि मुदत मागा. तिसरे म्हणजे एकट्याने पत्र देऊ नका. दहा जणांची सही असलेल्या पत्राकडे एचआरला दुर्लक्ष करता येत नाही.

संडास कोणी धुवायचा?

ट्विटरच्या गोष्टीतला एक भाग आपल्या वाचकांनी विसरू नये. सर्वांना ऑफिसात बोलावल्यानंतर महिनाभरातच, डिसेंबर २०२२ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्यालयातल्या सफाई कामगारांचे कंत्राट रद्द झाले. ऐन नाताळाच्या तोंडावर त्यांची कामे गेली. ते संघटनेचे फलक घेऊन इमारतीबाहेर उभे राहिले. आत संडासांची दुर्दशा झाली आणि काही कर्मचाऱ्यांना टॉयलेट पेपर घरून आणावा लागला, असे वृत्तपत्रांनी छापले.

आपल्याकडच्या आयटी पार्कमध्ये लॅपटॉपवर बसलेली मुलगीही आपलीच आणि हाऊसकीपिंगचा निळा कोट घालून फरशी पुसणारी मावशीही आपलीच, कधीकधी एकाच गल्लीतली. मावशीला कोरोनातही घरून काम मिळाले नव्हते. कंपनी विकली की तिच्या कंत्राटदाराचे नाव बदलते आणि तिची वर्षे शून्यापासून मोजली जातात. तिचा पीएफ, तिचे ईएसआयचे कार्ड, तिची बसायची जागा आणि तिला कोणता संडास वापरू देतात, हे विचारणारे कोणी नसते. शिकलेल्या मुलांनी आपले पत्र लिहिताना तिच्यासाठी एक ओळ त्यात घालावी. तिच्या पीएफचा हिशेब मोबाइलवर काढून द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

आपला वारसा

तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळेवर विश्रांती द्यावी, हा त्याचा आशय आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९४६ साली मजूरमंत्री म्हणून कारखान्यातला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक मांडले. कामाचे तास आणि बाईचे बाळंतपण हा मालकाच्या मर्जीचा विषय नाही, कायद्याचा विषय आहे, हे त्यांनी या देशाला शिकवले. आज आपल्या लेकरांच्या हातात हातोड्याऐवजी लॅपटॉप आला म्हणून तो धडा जुना होत नाही.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास थांबा. ऑफिसात, दुकानात, हाऊसकीपिंगमध्ये, सिक्युरिटीत कामाला जाणाऱ्या सर्वांनी एकत्र बसावे. कोणाची कंपनी विकली जाते आहे, कोणाला मेल आला, कोणाला झोप लागत नाही, हे एकमेकांना सांगावे. नेमणूकपत्र वाचता येणारा एक जण आणि रक्तदाब मोजता येणारी एक जण, एवढे दोघे त्या बैठकीत असले तरी सुरुवात होते.

जयभीम. नमो बुद्धाय.