डोंगरउतारावरची घाणेरी : अवजार कोणते निवडावे?



आपल्यापैकी अनेकांचा ऊस खाली ओढ्याकाठी आणि वर उताराला झाडीचे रान अशी स्थिती आहे. त्या रानात घाणेरी माजली की जाळ्यांत रानडुकरे ठाण मांडतात आणि रात्री उसात उतरतात. चारा संपतो, भुकेल्या गुराने घाणेरीचा पाला खाल्ला तर कावीळ होऊन ते दगावतेही. रान साफ करायलाच हवे. पण कशाने?

आधी आमची चूक सांगतो. आम्ही ट्रॅक्टर घातला. आडव्या उतारावर वरच्या अंगाचे चाक दगडावर चढले आणि ट्रॅक्टर कलला. ऐनाच्या बुंध्याला टेकला, म्हणून चालवणारा पोरगा वाचला! तेव्हापासून आमचा ठोकताळा असा : दहा फुटांची काठी एक टोक जमिनीला टेकवून पाण्याच्या पातळीत धरावी. दुसऱ्या टोकाखाली जमीन दीड फुटाहून खोल असेल, तर तिथे चाकाचे यंत्र न्यायचे नाही.

जेसीबीचा मोहही टाळावा. तो झुडपाबरोबर उताराची मातीही उकरतो आणि मोकळी माती पहिल्या मोठ्या पावसात खाली येते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, हे आपण विसरता कामा नये.

मग राहिली हातातली अवजारे. रानमोडी, कोवळे फुटवे आणि अंगठ्याएवढ्या फांद्यांसाठी ब्रश कटर चांगला. आम्हाला दुकानात नायलॉन दोरीचा दिला. ती गवतापुरतीच, घाणेरीत घटकाभरात संपली. झुडपाला तीन दातांचे पोलादी पातेच मागावे. पाय घसरला तर पट्टा एका झटक्यात सुटतो का, हे दुकानातच अंगावर चढवून पाहावे. काम उताराला आडवे चालत करावे. पात्याची उजवीकडची पुढली कड खोडाला लावू नये, यंत्र उलटा झटका देते. पन्नास फुटांत दुसरा माणूस नको. डोळ्याला चष्मा, पायात बूट हवेतच.

जाड खोडाला ऊसतोडीचा कोयता चालत नाही, धार मुडपते. तिथे जड कोयता नाहीतर कुऱ्हाड घ्यावी.

पण नुसते वरून छाटले तर घाणेरी पुन्हा फुटते. दुसऱ्या वर्षी जाळी दुप्पट! दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी यावर सोपी रीत दाखवली आहे. जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर, म्हणजे दोन-तीन बोटे खोल, मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. फुटवे येणारा भाग निघून जातो, खालची मुळे मातीत राहतात आणि उतार ढासळत नाही. याला टिकाव पुरतो. पाऊस उघडल्यावर ओल असतानाच हे करावे. फळे पिकण्याआधी उरकावे, कारण बी पाखरे पसरवतात. पेटवून देऊ नये. मुळे जिवंत राहतात आणि वणवा मात्र शेजाऱ्याच्या रानात जातो. मोकळ्या जागी लगेच गवत लावावे.

साग, ऐन, हिरडा, जांभूळ अशी झाडे तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. त्यांना हात लावू नये. तीच उतार धरून आहेत.

ब्रश कटर एकट्याने घेण्याची गरज नाही. चार-पाच सभासदांनी मिळून एक घ्यावा, पाळीने वापरावा. टिकाव तर प्रत्येकाच्या घरी आहेच. रान साफ झाले पाहिजे, पण त्यासाठी कुणाच्या घरचा माणूस जायला नको.