मोटारघराच्या जमिनीवरील लेप

जवाहरनगरच्या वसाहतींत मोटारघराच्या जमिनीस इपॉक्सीचा लेप द्यावयाचा म्हटला कीं गृहस्थ आधीं रंग निवडतो. पाहावयाची ती ओल! पावसाळ्यानंतर काँक्रीट वरून कोरडें दिसलें तरी खालची वाफ लेपास फोड आणते. हातभर पॉलिथीन चारी कडांनीं चिकटवून एक अहोरात्र ठेवावें. खालीं दंव धरलें तर काम लांबणीवर टाकावें. नवें काँक्रीट २८ दिवस तरी मुरूं द्यावें, व लेपापूर्वीं पृष्ठभाग घासून खरखरीत करावा. पाण्यांत कालविलेला पातळ लेप स्वस्त खरा. पण तापलेल्या टायरांबरोबर तो उचलला जातो. द्रावकविरहित जाड लेपच घ्यावा. मात्र आपल्याकडील वैशाखांत राळ व हार्डनर यांचें मिश्रण भांड्यांतच घट्ट होऊं लागतें. म्हणून थोडथोडें कालवून दिवस कलल्यावर पसरावें, आणि आठवडाभर मोटार बाहेर ठेवावी.