मागच्या चाकांची गोष्ट

मोटारीचे कौतुक करताना ती किती वेगाने धावते, हे सारेच विचारतात; ती कशी थांबते, हे सहसा कोणी विचारीत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेतील मिशिगन राज्यात आमच्या पुतण्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व आम्हांस उमगले.

त्याच्या गॅरेजात १९६७ सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ उभी होती. बेताच्या आकाराच्या गाडीत दांडगे इंजिन बसविलेल्या अशा मोटारींना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. ही परंपरा १९६४ च्या जीटीओपासून सुरू झाली, असे पुष्कळजण मानतात. पुतण्याच्या गाडीचे इंजिन ४०० घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेसहा लिटरचे! पहिल्या जीटीओला मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते. १९६७ पासून पुढील चाकांना डिस्क ब्रेक जादा पैसे मोजून मिळू लागले. या गाडीला ते होते. मागे ड्रमच होते.

“काका, मागेही डिस्क बसवतोय,” पुतण्या म्हणाला. “तुम्ही फक्त पाने हातात द्यायचे.”

ड्रम ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याच्या आतून दोन शू बाहेर दाबले जातात. फिरता ड्रम त्यांतील एकाला तरी आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून कमी जोरात अधिक पकड मिळते. पण उष्णता आत कोंडते. ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड सुटते आणि पायाखालचे पेडल खोल जाऊ लागते. घाट उतरणाऱ्या ट्रकच्या चाकांचा करपट वास ज्यांनी घेतला आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको. डिस्क ब्रेकमध्ये उघड्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. वारा लागतो, पाणी झटकले जाते. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्येच अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते. परंतु त्याचा खरा बोलबाला झाला तो १९५३ च्या ल माँ शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने बाजी मारल्यावर.

शेजारचे एक वृद्ध, निवृत्त मेकॅनिक गृहस्थ रोज डोकावून जात. त्यांनी पहिल्याच दिवशी पुतण्याला विचारले की, हे कशासाठी? ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबविण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. तेव्हा मागे डिस्क लावल्याने एका दमात थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही. लाभ होतो तो वारंवार ब्रेक मारावे लागतात तेव्हा. पुतण्या हसला. आम्हांसही तो म्हातारपणचा सावधपणा वाटला.

दोन शनिवार-रविवार काम चालले. ड्रम निघाले, अ‍ॅक्सल बाहेर ओढून मागच्या पत्र्याच्या ताटल्या काढल्या, कॅलिपरचे ब्रॅकेट बसले. मास्टर सिलिंडरमधील एक लहानशी झडपही काढावी लागली. ती ड्रमच्या नळीत थोडा दाब कायम राखते, आणि तोच दाब डिस्कचे पॅड सतत घासत ठेवतो. हँडब्रेकसाठी तबकडीच्या पोटात लहान शू होते. शेवटी सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून नळ्यांतील हवा काढली.

ऑगस्टात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरतो. त्यात बापाशेजारी बसून मिरवायचे, हा पुतण्याच्या दहा वर्षांच्या मुलीचा हट्ट होता. चाचणीलाही तिला यायचे होते. शेजाऱ्यांनी तिला उतरविले. आम्हीही खालीच थांबलो.

पाऊस नुकताच पडून गेला होता. मोकळ्या मैदानात पुतण्याने जोराने ब्रेक दाबला. मागची चाके आधी जाम झाली आणि पाहता पाहता शेपटी पुढे आली. गाडी पूर्ण उलट दिशेस तोंड करून थांबली. ना खांब होता, ना माणूस, म्हणून निभावले. मुलीने आमचा हात घट्ट धरला होता.

दोष नव्या ब्रेकांचा नव्हता. मागे किती दाब जावा हे ठरविणारी जुनी झडप ड्रमच्या हिशेबाने बनलेली होती. पुतण्याने ती तशीच ठेवली होती. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी सरळ घसरते. मागची झाली तर ती फिरते. दाब कमीजास्त करता येणारी नवी झडप बसविली. मग दुपारभर थोडा दाब, थोडी धाव, पुन्हा थोडा दाब असे चालले. पुढची चाके किंचित आधी धरू लागेपर्यंत कोणी जेवले नाही. त्यानंतर उतारावर उभी करून हँडब्रेकही पाहिला.

छत्तीस जणांच्या वर्गात एक हुशार मुलगा नव्याने आला की सगळा वर्ग पुन्हा बसवावा लागतो, हे आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत. यंत्राचेही तेच. एक भाग सुधारला, की उरलेल्यांशी त्याचे नाते नव्याने जुळवावे लागते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पुतण्याने मुलीला शेजारी बसवून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणली. आमच्यापुढे ती अलगद, सरळ रेषेत थांबली. “आजोबा, बघितलंत?” मुलगी ओरडली. आम्ही बघितले होते. शेजारचे वृद्ध गृहस्थही कुंपणापाशी उभे राहून बघत होते.