तासाचं मीटर : आकड्याआधी वायर बघा

संगमनेरच्या पठार भागात शेततळं खोदायचं असो नाहीतर साकूरकडे माळ सपाट करायचा असो, जेसीबी तासावर येतो. संध्याकाळी मीटरच्या आकड्यातून सकाळचा आकडा वजा होतो आणि पैसे ठरतात. शेतकऱ्यानं कुरकुर केली की ठरलेलं उत्तर मिळतं, "दादा, मीटर खोटं बोलत नाही. इंजिन चाललं तेवढंच ते पळतं." जुना ट्रॅक्टर विकणाराही हेच सांगतो. बहुतेक जण ते मनापासून सांगतात, कारण त्यांनाही तसंच वाटत असतं. पण या एका समजुतीवर हजारो रुपये इकडचे तिकडे होतात, म्हणून एकदा नीट बोललंच पाहिजे.

गैरसमज : मीटर इंजिनचे तास मोजतं.

वस्तुस्थिती : विजेवरच्या साध्या मीटरला इंजिन चालू आहे की बंद, हे कळतच नाही. त्याला दोन टोकं असतात, एक करंटचं आणि एक अर्थचं. करंट आहे तोवर ते मोजतं, गेला की थांबतं. त्यामुळे पहिला प्रश्न हाच, की तो करंट आणलाय कुठून?

सगळ्यात सोपी जोडणी चावीवरून. स्विचमधून फ्यूजमार्गे येणारी वायर मीटरला दिली की काम झालं. पण आता मीटर चावीचे तास मोजतं. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांचं डिझेल इंजिन नॉब ओढून बंद करतात. नॉब ओढला, इंजिन शांत झालं, चावी मात्र तशीच राहिली आणि मंडळी जेवायला बसली, तर अर्ध्या तासाचं जेवणही आकड्यात जातं. यात लबाडी कुणाचीच नसते, पण पैसे कुणाचे तरी जातातच.

दुसरी जोडणी ऑइल प्रेशर स्विचमधून. इंजिन सुरू होऊन ऑइलचा दाब तयार झाला की स्विच जोडला जातो आणि मग मीटर चालतं. ही जोडणी चांगली, पण ती करताना एक चूक फार होते. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचा स्विच उलटा असतो. दाब नसताना तो जोडलेला असतो, म्हणून तर दिवा लागतो. त्याच स्विचवर मीटर टाकलं, तर चावी चालू आणि इंजिन बंद असताना ते पळेल, आणि इंजिन सुरू होताच थांबेल! मीटरसाठी दाब आल्यावर जोडला जाणारा वेगळा स्विच लागतो.

तिसरी जोडणी अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याच्या टोकावरून. अल्टरनेटर फिरून वीज तयार करू लागला की मीटर चालतं. नुसत्या चावीवर ते फसत नाही, पण पट्टा तुटला तर इंजिन चालू असूनही थांबतं. नव्या मशीनमध्ये इंजिनचा कंट्रोलर सेन्सरवरून फेरे ओळखून तास साठवतो. तिथे हा घोळ बराच कमी.

आता जुने ट्रॅक्टर. अनेकांत मीटरला वायर नसतेच, इंजिनकडून फिरती केबल येते. फोर्डच्या जुन्या ट्रॅक्टरांवर अशा मीटरला 'प्रूफमीटर' म्हणत. हे मीटर इंजिनचे फेरे मोजून त्यांचे तास करतं. समजा, १५०० आरपीएमला त्याचा तास घड्याळाशी जुळतो. मग १००० आरपीएमवर घड्याळाच्या एका तासात ते फक्त ४० मिनिटं पुढे जाईल आणि ७५० वर फक्त ३०. हा बिघाड नाही. इंजिनची झीज फेऱ्यांवर अवलंबून असते, म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं आहे. किती आरपीएमला तास जुळतो, ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघा. ऑइल बदलायचे तासही त्याच मीटरच्या हिशेबानं छापलेले असतात.

तुमच्या मीटरचा प्रकार ओळखायला मिस्त्री लागत नाही. बहुतेक मीटरवर शेवटचा, वेगळ्या रंगाचा आकडा तासाचा दहावा भाग, म्हणजे ६ मिनिटं दाखवतो. डिझेल इंजिन बंद ठेवून चावी चालू करा आणि १२ मिनिटं थांबा. तो आकडा दोनानं सरकला तर जोडणी चावीवरची आहे, किंवा दिव्याच्या उलट्या स्विचवरची. मग इंजिन अर्धा तास संथ चालवा. पाचानं सरकला तर मीटर घड्याळाप्रमाणे मोजतंय. दोन-तीनानंच सरकला तर ते फेरे मोजतंय. अजिबात हलला नाही, तर मीटर बंद आहे किंवा त्याची जोडणी चुकली आहे.

प्रवरेच्या वरच्या अंगाला भंडारदऱ्याच्या पाण्यात गेलात तरी नियम हाच. मोटरबोटीच्या इंजिनचं वय तासांतच सांगतात, आणि मागे लावायच्या पेट्रोल इंजिनांची सर्व्हिसिंग साधारण दर १०० तासांनी असते. प्रवाशांची वाट बघत चावी चालू राहिली तर चावीवरचं मीटर काठावरच तास जमवतं. लहान इंजिनांना चावीही नसते. तिथे स्पार्क प्लगच्या जाड वायरीभोवती मीटरची बारीक वायर गुंडाळतात आणि ठिणगी पडतेय तोवर मीटर मोजतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

बॅटरी काढली की आकडा पुसला जातो : नाही. चकत्यांचा आकडा जागीच राहतो आणि डिजिटल आकडा मेमरीत.

बॅटरी नवी असली की मीटर जोरात पळतं : नाही. आत क्वार्ट्झचं घड्याळ असतं, दमदार बॅटरीनं ते घाई करत नाही.

जनरेटरचं तासमीटर युनिट दाखवतं : नाही, वेळच दाखवतं. मात्र ते एसी वीजपुरवठ्याच्या लयीवर फिरणारं असेल, तर ५० ऐवजी ४८ हर्ट्झवर तासाला ५७ मिनिटं ३६ सेकंदच भरतात.

तास कमी म्हणजे ट्रॅक्टर चांगला : मीटरची वायर काढली तरी इंजिन चालतंच. क्लचच्या पेडलचं रबर बघा. मूळ टायर असतील तर त्यांवरचा चार आकडी कोडही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा.

नवं मीटर बसवलं की झालं : ते शून्यापासून सुरू होतं. जुना आकडा आणि तारीख सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.

पुढच्या खेपेला जेसीबी शेतात आला, की पहिली बकेट मातीत जायच्या आधी मोबाइलवर मीटरचा फोटो काढा. फोटोची वेळ आपोआप नोंदली जाते. संध्याकाळी दुसरा काढा. ट्रॉली येईपर्यंत मशीन उभं राहिलं तर तो वेळ धरायचा की नाही, हे दर ठरवतानाच बोलून घ्या. घड्याळ आणि मीटर जुळलं नाही, तर भांडायच्या आधी दोघांनी मिळून ती १२ मिनिटांची परीक्षा घ्या.