दारूबंदीच्या जिल्ह्यात प्रभुभोजन : साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा होतो?



पेट पास झालात, सिनॉप्सिस लिहायला बसलात, आणि "विषय आहे पण प्रश्न सापडत नाही" अशी अवस्था झाली आहे का? माझीही झाली होती. माझा विषय मराठी ख्रिस्ती समाजातले विधी. पहिल्याच प्रेझेंटेशनला एका सरांनी विचारलं, "आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. मग चर्चमध्ये प्याल्यात काय देतात?" सगळे हसले, मीही हसलो. रूमवर आल्यावर लक्षात आलं, मला उत्तर येतच नव्हतं. आज तोच प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडवून बघू.

१. आधी मूळ पाठ वाचा

येशूच्या शेवटच्या भोजनाची वर्णनं नव्या करारात चार ठिकाणी आहेत: मत्तय २६, मार्क १४, लूक २२ आणि १ करिंथ ११. यांतलं सर्वांत जुनं लेखन पौलाचं, म्हणजे करिंथकरांचं पत्र. ते साधारण इ.स. ५३-५५ चं मानतात. शुभवर्तमानं त्यानंतरची. म्हणजे पुस्तकातला क्रम वेगळा आणि लेखनाचा क्रम वेगळा. ही चूक पहिल्या ड्राफ्टमध्ये मीही केली होती.

आता चारही उतारे शेजारी-शेजारी ठेवा. आपल्या आठवणीसाठी हे करत राहा, ही आज्ञा फक्त लूक आणि पौल देतात. पापांच्या क्षमेचा उल्लेख फक्त मत्तय करतो. लूकमध्ये प्याला दोनदा येतो. योहानात तर भाकर-प्याल्याचा हा प्रसंगच नाही. तिथे येशू शिष्यांचे पाय धुतो. त्यामुळे "बायबल असं म्हणतं" हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. कोणतं पुस्तक, कोणता अध्याय, ते लिहा.

२. मग शब्द तपासा

या चारही उताऱ्यांत 'द्राक्षारस' हा शब्द नाही! आहे तो 'प्याला'. आणि तिन्ही शुभवर्तमानांत 'द्राक्षवेलाचं फळ' अशा अर्थाचा शब्दप्रयोग. इथे मला वाटलं, झालं, उत्तर सापडलं: साधा रस चालतो.

पण थांबा. ज्यू प्रार्थनेत वाईनवर आशीर्वाद मागताना हाच शब्दप्रयोग येतो. वल्हांडण सण वसंतात आणि द्राक्षांचा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी. तोवर रस न आंबता टिकणं कठीण. शिवाय करिंथच्या मंडळीत काही जण भोजनाला येऊन धुंद होत, अशी तक्रार पौल स्वतः करतो. म्हणजे त्या काळी प्याल्यात वाईन असणंच जास्त संभवतं. पण ती आंबलेलीच हवी, अशी आज्ञा मात्र या उताऱ्यांत नाही. 'तेव्हा काय होतं' आणि 'काय असलंच पाहिजे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची सरमिसळ झाली की व्हायवाला अडकलात म्हणून समजा.

३. प्रथा कुठून आली?

कॅथलिक नियमानुसार मिस्सासाठी भाकर गव्हाची आणि वाईन द्राक्षाचीच लागते. बहुतेक ठिकाणी भाविकांना फक्त भाकर मिळते, प्याला धर्मगुरू घेतात. एकाच रूपातही ख्रिस्त पूर्ण उपस्थित असतो, ही त्यामागची श्रद्धा. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र द्राक्षाचा रस असतो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या दारूबंदी चळवळीत आहे. १८६९ मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थाने रस तापवून न आंबता टिकवायची रीत काढली, तीच मुळी प्रभुभोजनासाठी.

आपल्या शेजारच्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत अँग्लिकन होते, मेथडिस्ट आणि बाप्टिस्टही होते. वेगवेगळ्या सवयीची माणसं एका मेजाशी बसली, हे लक्षात ठेवा.

आणि कायदा? राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीच्या वाईनसाठी परवानगीची तरतूद आहे. म्हणजे कायदा आडवा येत नाही.

४. मग खरा प्रश्न कोणता?

फिल्डवर्कमध्ये दारू सोडलेले एक काका भेटले. म्हणाले, "पेला जवळ आला की वासानंच भीती वाटे. मी मागच्या बाकावर बसून राहायचो. रस आहे म्हणून कळलं, तवा पुढं गेलो."

तेव्हा मला करिंथ ११ नव्याने वाचावंसं वाटलं. तिथे पौल प्याल्यात काय आहे यावर चिडलेला नाही. सधन लोक आधी खाऊन घेतात, गरीब उपाशी राहतात, यावर तो चिडलाय. मेजापासून कोण बाहेर राहतं, हा त्याचा प्रश्न. माझा संशोधन-प्रश्नही मग बदलला: "प्याल्यात काय असतं?" ऐवजी "प्याल्यात काय ठेवायचं हे ठरवताना मंडळी कोणाचा विचार करते, आणि त्यासाठी ग्रंथाचा आधार कसा देते?"

तुमच्या विषयातही असंच करून बघा. पाठ, प्रथा आणि कायदा असे तीन रकाने आखा. प्रत्येक विधान त्यातल्या एकाच रकान्यात टाका. जे कुठेच बसत नाही, ते फिल्डवर जाऊन विचारा. आणि कोणी हसण्यावारी प्रश्न विचारला, तर तो वहीत लिहून घ्या. माझा सिनॉप्सिस तसाच सुरू झाला.