कूलरखाली दबलेले ९४

"काकू, ते सगळं राहू द्या. लॅपटॉपवर आकडा किती येतो, तेवढा सांगा."

जळगावच्या गोलाणी मार्केटात, मोबाइलच्या काचा बदलणाऱ्या गाळ्यांच्या रांगेत एक पोरगा फोनवर बोलत होता. मी चार्जर घ्यायला थांबलेलो. पलीकडून काकूंनी आकडा सांगितला, आणि हा म्हणाला, "चौऱ्याण्णव ना? मग वायर गेली. नेटला काही झालेलं नाही. येतो." घर पाहिलं नाही, राउटर पाहिला नाही, निदान मोकळं. मी विचारलं, ऐंशी असते तर? "तर डोकं लावावं लागलं असतं. चौऱ्याण्णव म्हणजे चौऱ्याण्णवच असतं भाऊ." या एका वाक्यापायी मी त्याच्या गाडीवर मागे बसलो.

घरात ३०० एमबीपीएसचा प्लॅन. हॉलमध्ये राउटरजवळ मोबाइलवर २८० येत होते. मागच्या खोलीत मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो; त्याच्या लॅपटॉपला थेट वायर, आणि तिथे ९४. सकाळी ९४, मध्यरात्रीही ९४. हवेतल्या नेटपेक्षा वायरीचं नेट भक्कम असं सगळेच सांगतात, मग वायरीवरच कमी कसं? घरच्यांचा निष्कर्ष ठरलेला होता: कंपनी वेग चोरते. कस्टमर केअरशी भांडून झालं होतं, राउटर बंद-चालू करून झाला होता, प्लॅन बदलायचंही चाललं होतं.

तर ते ९४. लॅन वायरीच्या पोटात आठ तारा असतात, चार जोड्यांत पिळलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिटचा वेग धरायला चारही जोड्या लागतात. शंभराला नारिंगी आणि हिरवी एवढ्या दोन पुरतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली तार तुटली, की बहुतेक यंत्रं आपसांत ठरवून निमूट शंभरावर उतरतात. दिवा लागतो, नेट चालतं, कुठे लाल खूण येत नाही. म्हणूनच हा दोष महिनोन् महिने कोणाला कळत नाही. आणि शंभरातलेही पुरते शंभर पदरात पडत नाहीत. तारेवरून १५३८ बाइटांची जागा खर्च होते तेव्हा आपल्या कामाचे बाइट असतात साधारण १४४८. बाकी सगळं पत्ते, खुणा आणि दोन पुडक्यांमधली मोकळी जागा. भागून पाहा, ९४.१ येतात. या पोराने तो भागाकार कधी केलेला नाही. त्याने नुसता आकडा पाहिला आहे, घरोघरी, दर वेळी तोच.

टेस्टर लावला. एक ते आठ दिवे ओळीने लुकलुकले, सातवा लागलाच नाही. "तपकिरी-पांढरी," तो म्हणाला आणि वायरीवर बोट फिरवत निघाला. टीव्हीच्या मागून, पॅसेजमधून, दाराच्या चौकटीवरून. खिडकीशी थांबला. खिडकीत कूलर होता.

मार्च सरत आला की खानदेशात कूलर खाली उतरतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो त्या गावात ही चैन नाही. या घरचा कूलर पत्र्याचा, भला थोरला. दोघांनी उचलून स्टँडवर सरकवला असेल, कड चौकटीत गच्च बसली असेल, आणि मध्ये वायर चेपली. काकूंनी मनातल्या मनात हिशेब केला: कूलर बसवला तो आठवडा आणि लेकाची भांडणं सुरू झाली तो आठवडा एकच निघाला. "उन्हाळ्यात निम्म्या वायरी कूलर खातो," पोरगा म्हणाला. निम्म्या हा त्याचा शब्द, मोजलेला नसणार. पण कूलरचा दुसराही गुन्हा त्याने सांगितला. राउटर आणि माणूस यांच्या मध्ये कूलर आला तर पत्रा लहरी परतवतो आणि टाकीतलं पाणी त्या पितं. पावसाळ्यात कूलर माळ्यावर गेला की वाय-फाय आपोआप सुधारतं, आणि लोक म्हणतात, कंपनीने लाइन नीट केली.

दबलेल्या जागी त्याने वायर कापली, एका तारेवर ब्लेडचं टोक ओढलं. तांबूस रंग निघाला, खाली चंदेरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानात ही वायर तांब्याच्या वायरीशेजारीच, तसल्याच आवरणात मिळते, आणि घर बांधताना शेवटी जिथे पैसे वाचवायचे असतात तिथे ती पडते. थोडी वाकवली की आत तुटते, बाहेरून शाबूत दिसते.

नवी वायर ओढायला वेळ लागला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखा आहे त्याचा डावा अंगठा. नख मुद्दाम वाढवलेलं. त्याने तारांचे पीळ सोडवायचे, तारा सरळ करायच्या, मग आठही तारा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकीला एक लावून आडव्या धरायच्या. ओठ हलत होते: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीला फाकवून निळी मधोमध घुसते, कारण मधल्या दोन पिना जुन्या टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेल्या. टेलिफोन घरातून गेला, त्याची जागा राहिली. चिमटीतली एक तार जरी सरकली तर पिन वाया. मी श्वास धरून पाहत होतो, तो मात्र काकूंशी त्यांच्या व्याह्यांच्या केळीच्या बागेबद्दल बोलत होता. क्रिम्पिंग टूल दाबलं, कट्ट झालं. लॅपटॉपवर २८७.

मुलगा काही बोलला नाही. चाचणी पुन्हा लावून पाहिली. पुन्हा २८७च्या आसपास.

निघताना पोराने भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यातली फायबरची वायर काढून मीटरला लावून दाखवली: उणे २१. प्रकाशाची ताकद; उणे २७ च्या खाली गेली की डबा चाचपडू लागतो. "हे कंपनी बघते. इथपर्यंत कंपनीचं, डब्याच्या पुढे तुमचं." ही सीमारेषा मला खटकली. चौकातल्या पेटीतून १२५ मायक्रॉन जाडीचा, केसाएवढा काचेचा तंतू घरात येतो, तिथवर सगळं यंत्राने मोजलं जातं, तक्रार झाली तर दूर बसून तपासलं जातं, आणि सगळं ठीक आहे असा मेसेज येतो. तो खराही असतो. बिघाड त्यानंतरच्या तीस फुटांत असतो आणि ते तीस फूट कोणाच्याच खात्यात नाहीत. या पोराला पैसे मिळतात ते नव्या जोडणीचे. कूलरखालची वायर शोधायचा दर त्याच्या कागदावर नाही, त्यामुळे तो घरमालकाशी ठरवावा लागतो. ठरवताना घासाघीस झाली. इतके दिवस कस्टमर केअरच्या संगीतावर संध्याकाळी घालवलेल्या घराला त्या अंगठ्याची मजुरी जास्त वाटली.

धुळ्याला गेलो तो ९४ डोक्यात घेऊनच. धुळ्यात गल्ल्यांना नावापेक्षा नंबर चालतो. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचं मुख्य ठाणं इथे केलं आणि वस्ती सरळ रेघांत आखली. या गल्ल्यांतली जुनी घरं तोंडाला अरुंद आणि आत लांब, भिंती जाड. अशा एका घरात मला घेऊन गेलेले गृहस्थ केबल टीव्हीच्या काळापासून याच धंद्यात आहेत. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

वरच्या खोलीत आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसलेले. नातीच्या फोनवर १९०, आजोबांच्या फोनवर ३८. खोली एक, राउटर एक, पासवर्ड एक. आजोबांचा रोख सरळ होता: "मनाच फोनले कमी का देस हाऊ डबा?"

अण्णांनी आजोबांचा फोन हातात घेतला आणि परत दिला. फोन जुना, २.४ गिगाहर्ट्झच तेवढं ओळखणारा, आत एकच अँटेना. अशा फोनचं राउटरशी बोलणं होतं ते जास्तीत जास्त ७२ ला, आणि त्यातले निम्मे पदरात पडले तरी ठीक, कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. त्यात २.४ चा पट्टा भारतात २००५ पासून परवान्याशिवाय खुला. एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात एक राउटर. नातीचा फोन ५ गिगाहर्ट्झवर पळतो. तिथे रस्ता रुंद आहे, मात्र भिंत आली की दम तुटतो. आजोबांचे ३८ त्या फोनच्या मानाने चांगलेच म्हणायचे. हे आजोबांना कसं सांगणार? अण्णा म्हणाले, "बाबा, तुमना फोन जुना शे," आणि आजोबा आणखी चिडले. फोन मोठ्या मुलाने घेऊन दिलेला होता.

राउटर खाली लोखंडी कपाटाच्या काचेआड, घरातल्या ट्रॉफ्यांच्या मागे ठेवलेला. अण्णांनी तो काढून जिन्याच्या वळणावर उंच ठेवला, चॅनल बदलला. नातीकडे २३०, आजोबांकडे ४१.

खाली उतरताना मी त्यांना जळगावचे ९४ सांगितले. ते हसले. "चौऱ्याण्णवमध्ये अख्खं घर सिनेमे पाहील. एका एचडी सिनेमाला पाच पुरतात. लोक सिनेमा पाहत नाहीत, आकडा पाहतात." अनेक घरांत ते खरं असेल, आणि हे वाक्य ते गिऱ्हाइकालाही सुनावत असणार. तरी मला ते पटलं नाही. जळगावच्या मुलाने आकडा पाहिला नसता तर तपकिरी-पांढरी तार तशीच तुटलेली राहिली असती, आणि ज्याचे पैसे भरले त्याचा दोन तृतीयांश भाग कूलरखाली जात राहिला असता. पण आजोबांपुढे अण्णांचंच खरं होतं. ३८ ऐवजी ४१ आल्याने त्यांच्या कीर्तनाच्या व्हिडिओत काडीचा फरक पडणार नव्हता. नवा, महागडा राउटर घ्यावा का, असं आजोबांच्या मुलाने विचारलं, तर अण्णांनी तोंडावर नाही म्हणून सांगितलं. ते राउटर विकतातही, हे मला नंतर कळलं.

मुलाने पाकीट काढलं, किती द्यायचे विचारलं, पावती मागितली.

"पावती कशाची फाडू?" अण्णा म्हणाले. "डबा कपाटातून जिन्यावर ठेवल्याची?"